काउंट पडले की: पांढऱ्या पेशी, ताप आणि घरातले ते आठ दिवस

आमच्या रामबागेतल्या घरी फ्रिजच्या दारावर अजूनही एक कागद चिकटवलेला आहे. सगळ्यात वर लाल पेनने १००.४ लिहिलंय, तापाचा फॅरनहाइटमधला आकडा. त्याखाली इमर्जन्सीचा फोन नंबर, मग ताईच्या केमोच्या, म्हणजे कर्करोगावरच्या औषधांच्या, सहा तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतच्या तारखा, म्हणजे पांढऱ्या पेशींचे काउंट पडण्याचे दिवस. हा कागद दुसऱ्या सायकलनंतर, म्हणजे केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर लागला. तो पहिल्या दिवशीच लागायला हवा होता, म्हणून हे लिहिते आहे.

मी इंदूरमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज शेकडो सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे रिपोर्ट, डोळ्यांखालून जातात. तरी रंगपंचमीच्या दिवशी, सख्ख्या बहिणीच्या केमोच्या अकराव्या दिवशी, माझ्या हातून चूक झाली. सकाळी ताई म्हणाली, "अंग जरा कसकसतंय गं." मी कपाळाला हात लावला, पॅरासिटामॉलची गोळी दिली आणि म्हटलं, "झोप थोडी." दुपारी ती बरी वाटली. संध्याकाळी हुडहुडी भरली तेव्हा थर्मामीटर लावला: १०१.८. आठ-नऊ तास वाया गेले होते. गोळीने ताप झाकला होता आणि आत जंतू वाढत होते.

आधी रिपोर्ट वाचायला शिका, कारण निम्मी भीती आणि निम्मा निष्काळजीपणा तिथूनच सुरू होतो.

एकूण आकडा पुरेसा नाही

सीबीसीच्या कागदावर टीएलसी किंवा डब्ल्यूबीसी म्हणून जो आकडा असतो, तो सगळ्या पांढऱ्या पेशी मिळून असतो. मोठ्या माणसात साधारण ४,००० ते ११,००० ही नेहमीची मर्यादा. काही लॅब हाच आकडा हजारांत छापतात, म्हणजे १.४ लिहिलं असेल तर ते १,४००. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "काल चार हजार होते, आज चारच उरले" म्हणून रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी एकक बघा.

त्याखाली डिफरन्शियल काउंट असतो: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल, प्रत्येकाची टक्केवारी. जिवाणू आणि बुरशी यांच्याशी पहिली झटापट करतात त्या न्यूट्रोफिल पेशी. म्हणून संसर्गाचा धोका मोजायचा असेल तर त्यांचाच आकडा काढायचा. त्याला एएनसी म्हणतात. हिशेब सोपा आहे: टीएलसी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. बँड फॉर्म (अजून पूर्ण न वाढलेले न्यूट्रोफिल) वेगळे दिले असतील तर त्यांची टक्केवारीही न्यूट्रोफिलमध्ये मिळवा.

दोन माणसांचा टीएलसी ३,१०० आहे असं समजा. एकाचे न्यूट्रोफिल ७० टक्के, म्हणजे एएनसी २,१७०. हा माणूस ठीक आहे. दुसऱ्याचे २० टक्के, म्हणजे ६२०. याला जपायला हवं. वरचा आकडा दोघांचा एकच. रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी ही एक ओळ पेनाने कागदावर करा.

एएनसी १,५०० च्या खाली गेला की न्यूट्रोपेनिया. १,००० पर्यंत सौम्य, १,००० ते ५०० मध्यम, ५०० च्या खाली तीव्र. १०० च्या खाली गेलं तर फारच नाजूक. या रेषा कुणी सहज आखलेल्या नाहीत. १९६६ मध्ये जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या ५२ रुग्णांचे काउंट आणि त्यांना झालेले संसर्ग यांचा मेळ घातला. काउंट जितके खाली आणि जितके जास्त दिवस खाली, तितका संसर्ग जास्त, हे त्यातून स्पष्ट झालं. यातला "किती दिवस" हा भाग लोक विसरतात. तीन दिवस ४०० असणं आणि तीन आठवडे ४०० असणं यात मोठं अंतर आहे.

लॅबमधली म्हणून आणखी एक सांगते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त नीट मिसळलं गेलं नाही, सॅम्पल फार वेळ पडून राहिलं, किंवा पेशींचे गठ्ठे झाले तर मशीन चुकीचा कमी आकडा देऊ शकतं. माणूस ठणठणीत आहे आणि आकडा अचानक विचित्र आला, तर पुन्हा सॅम्पल द्या आणि स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. मात्र केमो चालू असलेल्या माणसाला ताप असेल तर पुन्हा तपासण्याची वाट बघत बसू नका.

सगळे कमी काउंट सारखे नसतात

ताप येऊन गेल्यावर सीबीसी केली आणि टीएलसी २,८०० निघाला, असे फोन पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास मला भरपूर येतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी उतरतात, टायफॉइडमध्ये उतरतात, साध्या व्हायरलमध्येही उतरतात. बहुतेक वेळा थोड्या दिवसांत त्या आपोआप वर येतात. डेंग्यूत डॉक्टरांचं लक्ष प्लेटलेट, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि पोटातलं पाणी यांवर जास्त असतं. अशा वेळी घाबरून गावभर इंजेक्शन शोधत फिरू नये. डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा काउंट करावा.

ताप नसताना काउंट महिनोन् महिने कमी दिसत असेल तर कारण शोधायला हवं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता भरपूर दिसते आणि त्यात लाल, पांढऱ्या, प्लेटलेट अशा तिन्ही पेशी कमी होऊ शकतात. फॉलिक ॲसिडचंही तसंच. प्लीहा वाढलेली असणं, ल्यूपससारखे आजार, एचआयव्ही, अस्थिमज्जेचे आजार ही पुढची कारणं. काहींचा काउंट जन्मभर थोडा कमीच असतो आणि त्यांना काही होत नाही. जुने रिपोर्ट सांभाळून ठेवले असतील तर डॉक्टरांना हे एका नजरेत कळतं.

औषधांचं मात्र ठळकपणे सांगायला हवं. थायरॉइड वाढल्यावर दिली जाणारी कार्बिमाझोल घेणाऱ्यांना घसा दुखला, तोंड आलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवायची आणि सीबीसी करायची. क्वचितच घडतं, पण घडलं तर न्यूट्रोफिल जवळजवळ शून्यावर जातात. मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, क्लोझापिन यांनाही नियमित रक्ततपासणी लागते. आणि उलटंही ध्यानात ठेवा: स्टेरॉइड चालू असेल तर काउंट खोटा वाढलेला दिसतो आणि ताप दबून राहतो.

लिम्फोसाइट कमी असतील तर धोक्याचा प्रकार वेगळा असतो. विषाणू, टीबी, काही खास न्यूमोनिया. त्याची काळजी तुमचे डॉक्टर वेगळी सांगतील. इथून पुढचं सगळं न्यूट्रोफिलबद्दल आहे.

बऱ्याचदा ताप सोडून दुसरी खूण नसते

ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा, कारण नियम पाळणं त्यावरच अवलंबून आहे. जखम लाल होते, सुजते, त्यात पू होतो, छातीत कफ भरतो, हे सगळं जंतूंपेक्षा जास्त आपल्या पांढऱ्या पेशी करतात. पू म्हणजे बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचा चिखल. पेशीच नसतील तर पू नाही, सूज नाही, एक्सरेही सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. संसर्ग रक्तात उतरलेला असतो आणि माणूस फक्त "जरा गळल्यासारखं वाटतंय" म्हणतो. अशा शरीरात बहुतेक वेळा ताप हीच एक घंटा उरते. पॅरासिटामॉल देऊन मी ती घंटाच बंद केली होती.

केमोनंतर काउंट साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत खाली जातात आणि पुष्कळ औषधांत एकविसाव्या दिवसापर्यंत वर येतात. म्हणून तर पुढची सायकल तीन आठवड्यांनी असते. औषधानुसार हे दिवस बदलतात, तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: "आमचे काउंट कोणत्या दिवसांत पडतील?" उत्तर मिळालं की कालनिर्णयवर खूण करा. ताईच्या बाबतीत या दिवसांत लग्न, बारसं, हॉस्पिटलमध्ये कुणाला भेटायला जाणं, सगळं बंद. बाकी दिवसांत ती सकाळी नेहरू पार्कमध्ये फिरायलाही जायची.

थर्मामीटरची शिस्त

डिजिटल थर्मामीटर घ्या, रुग्णाचा वेगळा. पाऱ्याचा फुटला तर आणखी एक त्रास. तोंडात, जिभेखाली मोजा. चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. तोंडात फोड असतील तर काखेत मोजा, पण काखेतला आकडा थोडा कमी येतो हे लक्षात असू द्या. गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी यांतलं काहीही या दिवसांत नको. तिथली त्वचा खरचटली की जंतूंना वाट मिळते.

सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. शिवाय थंडी वाजली, अंग मोडून आलं, चेहरा उतरला, की लगेच मोजा. एकदा १०१ किंवा त्याहून जास्त, अथवा १००.४ आणि तासाभरानेही तेवढाच, अशी तापाची व्याख्या डॉक्टर वापरतात. घरच्यांसाठी मी म्हणेन, १००.४ दिसला की फोन उचला. तास मोजत बसायचं नाही. सेल्सिअसच्या थर्मामीटरवर हा आकडा ३८.

ताप नसतानाही निघायला लावणाऱ्या खुणा आहेत: हुडहुडी, धाप लागणं, घोटाळल्यासारखं बोलणं, लघवी फारच कमी होणं, बेंबीच्या खाली उजवीकडे पोट दुखणं, शौचाच्या जागी दुखणं, वारंवार जुलाब, पोर्ट किंवा पिकलाइन (औषध देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) धुतल्याबरोबर थंडी भरणं. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. आजोबा एकाएकी सुस्त झाले तर वयाच्या खात्यावर टाकू नका.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, सर्दीच्या मिश्र गोळ्या: डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. घरात उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच नाही.

हॉस्पिटलच्या दारात

त्या संध्याकाळी गेरची, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीची, गर्दी ओसरली होती, पण राजवाड्याकडचे रस्ते अजून रंगाने निसरडे होते. आम्ही लांबून वळसा घालून गेलो. इमर्जन्सीत एका कर्मचाऱ्याने ताईकडे बघून सांगितलं, "नंबर लावा, बसा." ती शांत बसली होती, खोकला नाही, जखम नाही. दिसायला आजारी वाटतच नव्हती. पाऊण तास आम्ही शिंकणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून राहिलो. शेवटी एक तरुण डॉक्टर बाजूने जात होते, मी उठून त्यांच्यापुढे उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, "केमोचा अकरावा दिवस आहे, ताप १०१.८, काउंट पडले असणार." ते तिथेच थांबले आणि पुढे सगळं भराभर झालं.

ते वाक्य पाठ करा. कोणती केमो, कितवा दिवस, ताप किती. "हिला ताप आहे" म्हणालात तर रांग, "न्यूट्रोपेनियाचा ताप असू शकतो" म्हणालात तर आत. अशा रुग्णाला पोचल्यापासून साठ मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आधी रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी), शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून. पोर्ट असेल तर एक पोर्टमधून. मग लगेच औषध. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, त्यासाठी औषध थांबवत नाहीत. अनेकदा जंतू सापडतही नाही. ताईचा एएनसी त्या रात्री २५२ निघाला, कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही, पाच दिवस अँटिबायोटिक चाललं आणि ती घरी आली. जंतू सापडला नाही म्हणजे ताप खोटा होता असं नाही.

सगळ्यांना भरती व्हावंच लागतं असंही नाही. धोका कमी असेल तर तपासून गोळ्यांवर घरी पाठवतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा.

पिशवी तयार ठेवा: केमोचा कागद, शेवटचे दोन सीबीसी, चालू औषधांची यादी, पेनिसिलिनसारखी ॲलर्जी असेल तर ती मोठ्या अक्षरात, आयुष्मान कार्ड किंवा विम्याचे कागद, मास्क, चार्जर. जे खरगोन, बडवानी, झाबुआहून इंदूरला केमोसाठी येतात, त्यांनी एक काम जास्त करायचं. ऑन्कोलॉजिस्टकडून (कर्करोगतज्ज्ञांकडून) चिठ्ठी लिहून घ्या की ताप आल्यास जवळच्या हॉस्पिटलमध्ये कल्चर घेऊन पहिला डोस कोणता द्यावा. मग त्या चिठ्ठीसह आपल्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये एकदा आधीच जाऊन बोलून या. पहिला डोस गावात, मग १०८ ने इंदूर. चार तास नुसत्या प्रवासात घालवू नका.

घरातली काळजी: बरेच जंतू आपलेच असतात

लोकांना वाटतं संसर्ग बाहेरून येतो. केमोच्या रुग्णात तो बऱ्याचदा स्वतःच्या तोंडातून, आतड्यातून, त्वचेवरून आत शिरतो. म्हणून खोली फिनाइलने धुण्यापेक्षा तोंडाची निगा जास्त कामाची. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून जेवणानंतर आणि झोपताना गुळण्या. दाताचं काम केमो सुरू होण्याआधी उरका. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. रोज आंघोळ, काखा-जांघा कोरड्या. नखं कापताना कातडी खेचू नका, दाढी ब्लेडऐवजी ट्रिमरने.

हात धुणं. शौचानंतर, स्वयंपाकाआधी, बाहेरून आल्यावर, साबणाने वीस सेकंद. हे रुग्णापेक्षा घरच्यांनी जास्त करायचं. ताईचा नातू शाळेतून आला की दारातल्या नळावर हात धुऊन मगच "आजी" म्हणायचा. तो सर्दीने शिंकत असला की दोन दिवस त्याचा मुक्काम काकूकडे.

कूलरचं सांगायलाच हवं. आपल्याकडे एप्रिल लागला की घरोघरी खसचे कूलर सुरू होतात आणि टाकीत तेच पाणी आठवडाभर. रुग्णाच्या खोलीत असा कूलर नको, पंखा किंवा फिल्टर धुतलेला एसी चालेल. घराची तोडफोड, जुन्या माळ्याची साफसफाई, कुंड्यांतली माती उकरणं, हेही नको. धुळीतून आणि मातीतून ॲस्परजिलससारखी बुरशी फुप्फुसात जाते. फुलदाणीतलं शिळं पाणी रोज फेका, रुग्णाने त्याला हात लावू नये.

घरात लहान मूल असेल आणि पोलिओच्या थेंबांची मोहीम जवळ आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. थेंबांतला जिवंत विषाणू मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. रुग्णाला स्वतःला जिवंत लस नको. फ्लूची निष्क्रिय लस रुग्णाला कधी द्यायची ते ऑन्कोलॉजिस्ट ठरवतात, घरच्यांनी मात्र जरूर घ्यावी.

इंदुरी जिभेचं काय

काउंट पडले की सगळं कच्चं बंद करून बेचव खिचडीवर ठेवायचं, अशी जुनी पद्धत होती. तुलना करून पाहिल्यावर अशा कडक आहाराने संसर्ग कमी होतात असं सिद्ध झालेलं नाही. स्वच्छता आणि ताजेपणा यांचा मात्र नक्की उपयोग आहे. तेव्हा माणसाला उपाशी ठेवू नका, अंगात ताकद हवी.

पाणी खळखळून उकळू द्या, उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट. पोहे घरचे, गरम, लगेच खाण्याजोगे. फक्त वरून कच्चा कांदा आणि जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी कोरडा मसाला) भुरभुरवू नका. कोरड्या मसाल्यांत बुरशीचे कण असू शकतात, म्हणून जीरावन फोडणीत घाला, चव तीच येते. सराफा, छप्पन या इंदूरच्या खाऊगल्ल्यांतलं काही नको, पाणीपुरी तर नकोच. कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, मोड आलेली कच्ची कडधान्यं, बाजारची हिरवी चटणी टाळा. जाड सालीचं फळ घरी धुऊन, मग सोलून, तिथल्या तिथे खायला द्या. दह्याबद्दल डॉक्टरांची मतं वेगवेगळी आहेत. आमच्या डॉक्टरांनी काउंट फार खाली असताना नको म्हटलं, तेव्हा मी त्याची कढी करायची. सत्यनारायणाचं पंचामृत आलं तर डोळ्यांना लावून बाजूला ठेवायचं. कच्चं दूध, दही, मध, सगळंच त्यात. ताईच्या सासूबाईंनी स्वतः सांगितलं, "देव रागवत नाही, घे नुसता नमस्कार कर." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शिजवलेलं दोन तासांच्या आत खा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, परत वाफा येईपर्यंत गरम करा.

गुळवेल, पपईच्या पानांचा रस, "काउंट वाढवणारी" पुडी घेऊन पाहुणे येतील. त्यांचा जीव तुटतो म्हणून आणतात, त्यांना दुखवू नका, पण देऊही नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आहे. केमोत यकृत आधीच राबत असतं.

ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन

काउंट पडण्याची शक्यता जास्त असेल तर डॉक्टर फिलग्रास्टिम रोज, किंवा पेगफिलग्रास्टिम सायकलला एकदा देतात. ही इंजेक्शनं हाडांतल्या मज्जेला न्यूट्रोफिल बनवायला लावतात. केमो संपल्यावर साधारण चोवीस तास उलटल्यावरच ते द्यायचं, आधी नाही. दवा बाजारातून आणत असाल तर बर्फाच्या डब्यात आणा, घरी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. बाटली हलवू नका. कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखतं, कारण मज्जा काम करत असते. त्या दुखण्यावर कोणती गोळी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा आणि ती घेण्याआधी प्रत्येक वेळी ताप मोजा.

तिसऱ्या सायकलपासून ताईला हे इंजेक्शन सुरू झालं. तेराव्या दिवशी टीएलसी ३,२०० आणि न्यूट्रोफिल ६१ टक्के. मी गुणाकार करायच्या आधीच तिने करून दाखवला, १,९५२, आणि विचारलं, "मग आज पोह्यांवर कांदा?" डॉक्टरांना फोन केला. ते हो म्हणाले. कांदा मी स्वतः धुऊन, सोलून, तिच्यासमोर चिरला.